ओसाकाचे इतिहास संग्रहालय मुलांसह पाहताना

आपण प्रथमच सहकुटुंब जात आहात, म्हणून आधी एक सांगतो : ओसाका इतिहास संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेव्हा तो दिवस शेजारच्या किल्ल्यासाठी राखून ठेवावा. तानिमाची योन्चोमे स्थानकावरून ते अगदी जवळ आहे.

आत गेल्यावर लिफ्टने थेट दहाव्या मजल्यावर जावे आणि सरकत्या जिन्याने एकेक मजला खाली उतरावे, कारण मांडणीच प्राचीन काळाकडून अर्वाचीन काळाकडे येणारी आहे. वर आठव्या शतकातील नानिवा राजवाड्याचे सभागृह मूळ आकारात उभारलेले असून त्याचे शेंदरी खांब 70 सेंटिमीटर व्यासाचे आहेत. आमची धाकटी हात पसरून दुरूनच त्यांचे माप काढत बसली होती. खिडकीतून त्याच राजवाड्याची मोकळी जागा आणि किल्ला दिसतो, मात्र किल्ल्याचा आजचा मनोरा 1931 साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

नवव्या मजल्यावरील कालव्यांच्या शहराच्या छोट्या प्रतिकृती मोठ्यांना अधिक भावतात; मुले मात्र उत्खननाची ओळख करून देणाऱ्या आठव्या मजल्यावर रमतात, म्हणून वेळेची काटकसर तिथे करू नये. सातव्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बाजारपेठ आहे. आजी-आजोबा सोबत असल्यास त्यांना दहाव्या मजल्यावरच थोडी विश्रांती द्यावी.