वार झेलणे, चुकवणे आणि टोलवणे

प्रश्न असा आहे: अ‍ॅक्शन गेममधल्या 'पॅरी'ला, म्हणजे वार लागण्याच्या नेमक्या क्षणी तो आपल्या हत्याराने बाजूला उडवण्याला, मराठीत 'प्रतिकार' म्हणता येईल का? आणि 'कन्सोल एक्सक्लुझिव्ह'ला, म्हणजे प्लेस्टेशनसारख्या एकाच गेमयंत्रावर मिळणाऱ्या गेमला, 'अनन्य' चालेल का?

'प्रतिकार' नको. प्रतिकार रोगाचा करतात, अन्यायाचा करतात, आणि तो वर्षानुवर्षे चालू शकतो. पॅरीचा खेळ क्षणाचा.

वाराशी जोडलेली क्रियापदे मराठीत आधीच आहेत. ढालीवर वार झेलतात, तो झाला 'गार्ड'. अंग काढून वार चुकवतात, तो 'डॉज'. तिसऱ्या कृतीसाठी 'परतवणे' चटकन सुचते, पण हल्ला परतवला म्हणजे हल्लेखोर मागे हटला. पॅरीनंतर तो समोरच उभा असतो, फक्त त्याचे हत्यार भलतीकडे गेलेले असते. माझे मत 'टोलवणे'ला. हवेतली विटी दांडूने टोलवतात. दांडू जरा आधी फिरला की हुकला, उशिरा फिरला तरी हुकला. 'सेकिरो' या तलवारबाजीच्या गेममध्ये (२०१९) या कृतीचे जपानी नाव 'हाजिकी' आहे, टिचकीने उडवावे तसे उडवणे. विटीच्या जवळचेच.

झेलणे आणि टोलवणे यांतला फरक 'सेकिरो'त एकाच बटणावर आहे. प्लेस्टेशनवर एल-वन हे बटण दाबून धरले तर वार झेलला जातो आणि आपलाच तोल ढळत जातो. वार लागतो त्याच क्षणी दाबले तर तो टोलवला जातो, ठिणगी मोठी उडते, खणखणाट वेगळा होतो आणि समोरच्याचा तोल ढळतो. ('पोश्चर'ला इथे 'तोल' छान बसतो.) भीतीने बटण सारखे बडवले तर टोलवण्याची मुदत आखडते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. लाल खुणेसह येणारी भाल्याची भोसक झेलता येत नाही, पण टोलवता येते. दोन्हींना 'अडवणे' म्हणाल तर ही सूचना मराठीत लिहिताच येणार नाही.

'स्ट्रीट फायटर थ्री' या मारामारीच्या गेममध्ये तर दिशाही उलट आहे: झेलायला जॉयस्टिकची काठी मागे, टोलवायला वाराच्या क्षणी पुढे, तीही टिचकीसारखी, धरून ठेवायची नाही. २००४च्या एव्हो या गेम-स्पर्धेत दाइगो उमेहारा 'केन' हे पात्र खेळत होता आणि केनकडे नावापुरता जीव उरला होता. प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगच्या 'चुन-ली' या पात्राचा महाप्रहार झेलला असता, तरी झेलताना जाणाऱ्या चिमूटभर जिवाने तो मेला असता. त्याने पंधराच्या पंधरा लाथा टोलवल्या, शेवटची हवेत. गंमत म्हणजे या कृतीला जपानीत 'ब्लॉकिंग' म्हणतात, आणि इंग्रजीत तोच शब्द झेलण्याला!

टोलवण्याचा क्षण किती छोटा, तर पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे पळत असताना एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने चित्र दाखवायला ५० मिलिसेकंद उशीर केला तर तीन चित्रे गेली. सराव असूनही टोलवणे जमत नसेल तर आधी टीव्हीचा गेम मोड, म्हणजे हा उशीर कमी करणारी सोय, चालू करून पाहावा.

'टोलवणे' सगळीकडे बसत नाही. 'ब्लडबॉर्न' या गेममध्ये (२०१५) शत्रूचा हात उगारलेला असतानाच पिस्तूल झाडायचे असते. तिथे हत्याराला हत्यार लागतच नाही, म्हणून 'वार मोडणे' म्हणावे. आणि अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर टोलवतात, ही शंका रास्त आहे. पण शेजारी 'वार' शब्द असला की गैरसमज होत नाही.

'अनन्य'बद्दल थोडक्यात: भक्ती अनन्य असते, गेम नव्हे. आपल्याकडे 'पुरता' आहे: 'ब्लडबॉर्न प्लेस्टेशनपुरता आहे.' शिवाय त्याला काळ जोडता येतो. २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' प्लेस्टेशनपुरता होता, जानेवारी २०२२मध्ये पीसीवर आला.