दोघांचे वय एक्क्याण्णव, मुलाचे पाच

प्रश्न : आम्ही दोघे गेली अठरा वर्षे अमेरिकेत आहोत. दोघेही आता येथील नागरिक आहोत आणि दोघांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) आहे. आमची वये ४७ आणि ४४. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिला भावंड हवे आहे. भारतातून एक मूल दत्तक घ्यावे असे आम्ही ठरवत आहोत. शक्यतो ते दोन वर्षांच्या आतले असावे, म्हणजे त्याला मागचे काही आठवणार नाही आणि सगळे सोपे जाईल. सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढ्या कागदपत्रांत पडण्यापेक्षा गावाकडच्या ओळखीच्या दवाखान्यातून बाळ मिळू शकेल. आम्ही तयारी कशी करावी?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे ४७ आणि ४४ हे दोन आकडे. भारताच्या २०२२ च्या दत्तक नियमांत पतिपत्नींच्या वयांची बेरीज पाहिली जाते. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर ही बेरीज ८५ च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती ९० पर्यंत चालते आणि चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० पर्यंत. आपली बेरीज ९१ होते. म्हणजे तान्ह्या बाळाचा मार्ग आपल्यासाठी बंद आहेच, तीन वर्षांचे मूलही आपल्या हातून एका वर्षाने निसटले आहे. हे वाचून वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, पण पाळणा विकत घेऊन ठेवण्यापूर्वी ते कळलेले बरे. आपल्या घरी येणारे मूल चार वर्षांपेक्षा मोठे असेल, त्याला चालता-बोलता येत असेल आणि त्याला पुष्कळ काही आठवत असेल. यापुढचा सारा विचार तेथून सुरू करावा लागेल.

नियम बाजूला ठेवले, तरी परदेशातील कुटुंबांच्या वाट्याला बहुधा मोठी मुलेच येतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार दत्तकासाठी मोकळ्या ठरलेल्या मुलाला साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते परदेशी दत्तकासाठी खुले होते. पाच वर्षांवरील मुले, भावंडांच्या जोड्या आणि अपंगत्व असलेली मुले यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येते. ओसीआय कार्डधारक म्हणून आपल्याला इतर परदेशी पालकांच्या पुढे स्थान आहे, याचा फायदा अवश्य होईल. मात्र त्या प्राधान्याने वयाची बेरीज कमी होत नाही.

सासूबाईंच्या सूचनेचा विचार दोन वाक्यांत संपवतो. ओळखीने, दवाखान्यातून किंवा एखाद्या गरजू बाईकडून कायद्याची प्रक्रिया डावलून मूल घेणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि पैसे दिले-घेतले गेले असतील तर तो मुलांच्या खरेदी-विक्रीचा, म्हणजे त्याहून मोठा गुन्हा ठरतो. शिवाय असे मूल अमेरिकेत आणताच येणार नाही, कारण भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या हेग करारात आहे आणि दोन्हीकडच्या अधिकृत यंत्रणांच्या मंजुरीशिवाय व्हिसा मिळत नाही.

आणखी एक गैरसमज कोणीतरी आपल्यापुढे मांडीलच, म्हणून आधीच लिहितो. ‘तुम्हाला मुलगी आहे, आता मुलगाच घ्यावा लागेल’ असे जे म्हटले जाते, ते १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातून आलेले आहे. त्या कायद्याने मुलगी असलेल्या घराला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. २०१५ च्या कायद्यात ही आडकाठी नाही. मुलगी हवी असेल तर निःसंकोच तसे लिहावे.

प्रक्रियेच्या पायऱ्या अमेरिकेतील आपली दत्तक संस्था आपल्याला सांगेल, त्यामुळे मी त्यांत फार शिरत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांनी भारताच्या ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने मान्यता दिलेल्या तिथल्या संस्थेमार्फतच नोंदणी करायची असते. होम स्टडी (म्हणजे घराची आणि कुटुंबाची पाहणी), आय-८००ए (आपण दत्तक घेण्यास योग्य आहोत का हे ठरवणारा अमेरिकी सरकारकडचा अर्ज), काराच्या पोर्टलवरील नोंदणी, मुलाची वैद्यकीय व सामाजिक माहिती, काराचे ना हरकत प्रमाणपत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, असा साधारण क्रम आहे. हे आदेश २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत न्यायालये देत असत. येथे एकाच ठिकाणी घाई महागात पडते: ठरलेल्या मुलासाठी नंतर करायच्या आय-८०० अर्जाला अमेरिकेची तात्पुरती मंजुरी मिळण्यापूर्वी भारतातील दत्तक आदेश होऊ देऊ नये. भारतातच दत्तक पूर्ण होऊन मूल आयएच-३ या दत्तक मुलांसाठीच्या व्हिसावर आले, की अमेरिकेत पाऊल ठेवताच ते तेथील नागरिक होते. मुलाची वैद्यकीय माहिती आल्यावर होकार देण्याची मुदत आखूड असते, तेव्हा दत्तक मुलांचे अहवाल वाचण्याची सवय असलेला बालरोगतज्ज्ञ आताच शोधून ठेवावा.

आता खऱ्या तयारीकडे येतो. ‘त्याला काही आठवणार नाही’ ही आशा आपण सोडून द्यावी, आणि मला विचाराल तर ती आशा मुळातच चुकीच्या बाजूला होती. आपल्याकडे ज्या दिवशी पेढे वाटले जातील, त्या दिवशी ते मूल आपले राहते घर, शेजारच्या गादीवरची मुले, रोज आंघोळ घालणाऱ्या मावशी आणि ओळखीचे आवाज हे सारे एका दुपारी सोडून आलेले असेल. मुले सांभाळणारी ती संस्था कितीही साधी असो, तेच त्याचे जग होते. माझ्या परिचयातील एका घरी पाच वर्षांचा मुलगा आला. पहिल्या आठवड्यात आईला रोज पहाटे पाचच्या सुमारास जाग यायची आणि तिच्या खाटेशेजारी तो उभा असायचा, अंगावरची चादर चौपदरी घडी करून दोन्ही हातांवर धरलेली. रडत नसे, हाक मारत नसे. संस्थेत उठल्यावर घडी करून चादर नेऊन द्यायची असे, आणि येथे ती कोणाला द्यायची हे त्याला ठाऊक नव्हते. पाहुणे त्याला ‘किती शहाणा मुलगा’ म्हणाले. तो शहाणा नव्हता, नेमून दिलेले काम चुकू नये म्हणून सावध होता. सहा-सात आठवड्यांनी त्याने प्रथम चादर खाली टाकली, पाय आपटले आणि भोकाड पसरले, तेव्हा त्या आईला हायसे वाटले. आपल्याकडेही आधी असा शहाणपणा दिसेल आणि मग त्रागा सुरू होईल. तो सुरू झाल्यावर काही बिघडले असे समजून घाबरून जाऊ नये.

मुलीविषयी आपण एकच वाक्य लिहिले आहे, ‘तिला भावंड हवे आहे’. नऊ वर्षांच्या मुलीला हवे असते ते खेळायला येणारे, ऐकणारे, कौतुकाने पाहणारे भावंड. येणारे मूल कदाचित तिचे खेळणे मोडील, तिच्याशी बोलणार नाही, आणि आईच्या मांडीवर तिच्यापेक्षा जास्त वेळ बसेल. तिच्यासाठी म्हणून भावंड आणतो आहोत असे तिला कधीही सांगू नये, नाहीतर ती रुसेल तेव्हा तिला आपणच हे सारे ओढवून घेतले असे वाटेल. मूल आम्हा दोघांना हवे आहे, असे सरळ सांगावे. पाच वर्षांवरील मूल घरात असेल तर त्याच्या संमतीचा कागद काराच्या कागदपत्रांत लागतोच. तो तिच्यापुढे सहीसाठी सरकवण्यापूर्वी दोन-तीन महिने बोलणे झालेले असावे आणि तिला ‘नको’ म्हणण्याची मुभा असावी. नंतर तिला छोटी आई किंवा दुभाषी बनवू नये. आठवड्यातून एकदा तिचा बाबांबरोबरचा किंवा आईबरोबरचा ठरलेला वेळ असावा आणि काहीही झाले तरी तो मोडू नये. मुलाला आणायला जाताना तिला बरोबर न्यावे असे माझे मत आहे, मात्र पहिल्या भेटीला नाही. ती भेट आपण दोघांनी घ्यावी, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ तिच्या आवडीची एखादी मावशी किंवा आत्या असावी.

दत्तकाविषयी बोलताना आपल्याकडे हमखास देवकी-यशोदेची गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण तिचा पुढचा भाग मोठी माणसे विसरतात. कृष्ण मथुरेला गेला तो यशोदेकडे राहायला परत आला नाही. पाच वर्षांचे मूल नेमके या पुढच्या भागाविषयीच विचारील. त्याला त्याची स्वतःची गोष्ट, जेवढी खरी माहीत आहे तेवढी, साध्या शब्दांत सांगावी, आणि जे ठाऊक नाही त्यावर ‘मला माहीत नाही’ म्हणावे. जन्मदात्या आईने सोडून दिले, टाकून दिले असे शब्द घरात कोणीही, फोनवर बोलतानाही, वापरू नयेत.

मदतीला आजी-आजोबा सहा महिने येणार असतील. परदेशातील आपल्या बहुतेक घरांत बाळंतपणाला हीच रीत असते, आणि तिच्यामुळेच येथे गोंधळ होतो. संस्थेत अनेक हातांनी वाढलेल्या मुलाला समोर येईल त्या मोठ्या माणसाकडे जाण्याची सवय असते. आजीकडे ते पहिल्याच दिवशी झेपावले तर सगळ्यांना आनंद होतो, पण त्याला अजून आई कोण हे कळलेले नसते. म्हणून पहिले दोन-तीन महिने भरवणे, आंघोळ, निजवणे आणि लागले-खुपले तर जवळ घेणे ही कामे आपण दोघांनीच करावीत. आजीने स्वयंपाक सांभाळावा आणि आजोबांनी नातीला शाळेतून आणावे. हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी सांगावे, कारण आल्यावर सांगितले तर ते मनाला लागते. मंडळाच्या गणपतीत चारशे माणसांसमोर त्याची ओळख करून देण्याचा मोहही त्या वर्षी टाळावा. एखाद्या घरी तीन-चार माणसांत नेणे पुरेसे आहे.

भाषेचा प्रश्न मला आपल्या घरापुरता उलटा दिसतो. मुलगी मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, असे बहुतेक घरांत असते. येणारे मूल महाराष्ट्रातले असेल तर त्याला फक्त मराठी येत असेल आणि घरात तेच सर्वांत चांगले मराठी बोलणारे असेल. ते ओडिया, तेलुगू किंवा हिंदी बोलणारेही असू शकते. मुलाची माहिती आल्यावर त्याचे राज्य कळले, की त्या भाषेतील वीस वाक्ये शिकून घ्यावीत: भूक लागली का, शू लागली का, दुखते का, मी येथेच आहे, उद्याही येथेच असेन. त्याला इंग्रजी यावे म्हणून आधीपासून घाई करू नये, शाळेत ते आपोआप येईल. नाव मात्र बदलू नये. पाच वर्षांच्या मुलाचे बारसे करून नवे नाव ठेवण्याचा उत्साह नातेवाइकांना असतो, पण हाक मारल्यावर वळून पाहावे असे त्याच्याजवळ ते एकच नाव आहे. घरचे नाव जोडायचेच असेल तर ते मागे जोडावे.

आदेश झाल्यावरही अमेरिकेतील दत्तक संस्थेला पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाच्या प्रगतीचा अहवाल पाठवावा लागतो. पुष्कळांना तो जाच वाटतो. त्यात खरे लिहावे, झोप लागत नाही असे लिहिले म्हणून मूल कोणी परत नेत नाही, उलट मदत मिळू शकते.

फोटोंच्या अल्बमने सुरुवात करता येईल. होकार कळवल्यावर संस्था परवानगी देत असेल तर एक छोटा, जाड पानांचा अल्बम पाठवावा आणि खाली मोठ्या अक्षरांत मुलाच्या भाषेत लिहावे. दोघांचे, मुलीचे, घराच्या दाराचे, त्याच्या खाटेचे आणि रात्रभर चालू राहणाऱ्या दिव्याचे फोटो असावेत. बाथरूमचाही फोटो घालावा, कारण वेगळ्या पद्धतीच्या कमोडची भीती फार मुलांना वाटते. प्रत्यक्ष आणायला जाल तेव्हा तेथून उलटा अल्बम करून आणावा: त्याची गादी, जेवायची जागा, दारातले झाड, आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशींचे फोटो, प्रत्येकीचे नाव खाली लिहून. अठरा वर्षांचा झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी त्याला स्वतः अर्ज करता येतो, पण मावशींची नावे तो त्याच्या कितीतरी आधी, बहुधा एखाद्या रात्री निजताना विचारील.