चोकच्या आधारावर चालणारी गाडी : वाचकांचे प्रश्न

सोलापुरात पहाटेचा गारवा सुरू झाला, की माझ्याकडे चोक आणि स्लो (रेस न देता इंजिन संथपणे चालू राहणे) यांविषयीचे प्रश्न एकामागून एक येऊ लागतात. गाड्या निरनिराळ्या असतात, पण घोटाळा बहुधा एकच असतो. चोक हा थंड इंजिनासाठी एक-दोन मिनिटांचा आधार आहे, हे विसरले जाते आणि दिवसभर त्याच्यावरच गाडी रेटली जाते. म्हणून यावेळी सर्व प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी मोटरसायकल २०२१ ची आहे. तिच्यावर चोकचा खटका कुठेच सापडत नाही. तो काढून टाकला असेल का? (वाचक, मोहोळ)

नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक सर्व गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत आणि त्यांत चोक नसतोच.

प्रश्न : माझ्या आरएक्स १०० या जुन्या मोटरसायकलला सकाळी चोक ओढून आणि रेस पिळून वीस-पंचवीस किका माराव्या लागतात. शेवटी प्लग ओला होतो. (वाचक, बार्शी)

रेस पिळणे थांबवा. आपल्या गाडीचा चोक हवा अडवत नाही. तो कार्बोरेटरमधली (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातली) जादा पेट्रोलची स्वतंत्र वाट उघडतो आणि त्या वाटेने पेट्रोल ओढले जाण्यासाठी मागच्या बाजूला जी ओढ लागते, ती थ्रॉटल (रेस पिळल्यावर उघडणारी हवेची वाट) पूर्ण मिटलेला असतानाच निर्माण होते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि चोक ओढूनही उपयोग राहत नाही. मग माणूस किका मारत राहतो आणि इंजिनात पेट्रोल साचत जाते. चोक पूर्ण ओढून, रेसला हात न लावता किक मारून पाहा. तरीही प्लग ओला आणि काळा होत असेल, तर चोकच्या दट्ट्याच्या टोकाचे रबर कडक होऊन वाट नीट मिटत नसेल, किंवा ठिणगीच अशक्त असेल. यांतले नेमके काय, हे प्लग व दट्ट्या काढून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तेव्हा जवळच्या जाणत्या मेकॅनिकला दोन्ही दाखवा.

प्रश्न : मी एक जुनी टू-स्ट्रोक ट्रायल्स (पाय न टेकता खडकांवरून गाडी नेण्याच्या स्पर्धेची) मोटरसायकल पुण्याहून विकत घेतली असून होटगी रस्त्याच्या बाजूच्या खडकाळ माळावर सराव करतो. इंजिन तापल्यावरही चोक अर्धा ओढून ठेवला तरच ती स्लो धरते. चोक बंद केला की बंद पडते, कधी उलट रेस आपोआप चढते आणि उतरत नाही. मेकॅनिकने स्लोचा स्क्रू आत फिरवून दिला आणि ‘परदेशी गाडी अशीच चालते’ असे सांगितले. चार महिने असेच चालवतो आहे. (वाचक, जुळे सोलापूर)

कोणतीही गाडी अशी चालत नाही. परदेशी गाडीलाही हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण तेच लागते. हे चार महिने मला अस्वस्थ करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तापलेले इंजिन चोकशिवाय चालू राहत नाही, याचा अर्थ त्याला स्लोवर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी हिशेबाबाहेरची हवा आत येते आहे. चोक ओढून आपण ती उणीव वरून भरून काढता. मूळ दोष तसाच राहतो. पहिली शक्यता स्लो जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी) बुजल्याची. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि गाडी काही महिने उभी राहिली, की वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा त्यात बसतो. मात्र नुसता जेट बुजला असता, तर गाडी बंद पडली असती. रेस आपोआप चढून तिथेच राहिली नसती. थ्रॉटलची केबल अडकत नाही ना, हे आधी पाहून घ्यावे, पण ती मोकळी असेल तर माझा संशय हवेच्या गळतीवर आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर तडकलेले असू शकते, रीडच्या (आत जाणाऱ्या मिश्रणाच्या पातळ झडपेच्या) बैठकीचे पॅकिंग गेलेले असू शकते किंवा मॅग्नेटच्या बाजूचे क्रँक सील (फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी कडे) कडक झालेले असू शकते. (गिअरच्या बाजूचे सील गेले, तर लक्षण वेगळे असते : पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जाते.)

टू-स्ट्रोकमध्ये हे प्रकरण चार-स्ट्रोकपेक्षा गंभीर आहे, कारण तेथे वंगण पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. माझ्याकडे एक तरुण अशीच गाडी टेम्पोतून घेऊन आला होता. उतारावर पिस्टन धरला, मागचे चाक जागीच आवळले आणि तो खडीवर घसरत गेला. हाडे शाबूत राहिली, सिलिंडर मात्र वाचला नाही. तोही कित्येक आठवडे अर्ध्या चोकवर चालवत होता आणि त्यालाही ‘अशीच चालते’ हेच सांगितले गेले होते.

ट्रायल्समध्ये तर सगळे कौशल्य स्लोवर उभे आहे. खडकावर गाडी जवळजवळ उभी असते, पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३ आणि पडलात किंवा मागे घसरलात तर ५. अशा जागी थ्रॉटल मिटलेला असताना रेस आपोआप चढणे म्हणजे गुण जाणे नव्हे, दगडावरून फेकले जाणे आहे. स्लोचा स्क्रू आत फिरवून मेकॅनिकने केवळ थ्रॉटल थोडा उघडा ठेवला आहे. त्याने लक्षण झाकले गेले.

तेव्हा सराव आजपासून थांबवावा. रबर काढून वाकवून उजेडात पाहावे. तडे ताणल्यावरच दिसतात. चालू इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत ऐकिवात असेल, पण तापलेल्या इंजिनाजवळ ती आगीला निमंत्रण आहे. तड्यावर एम-सील लिंपू नये. रबर ठीक निघाले, तर इंजिनाची तोंडे बंद करून आत दाब भरून गळतीची चाचणी घ्यावी लागते. ते काम टू-स्ट्रोकचा सराव असलेल्या माणसाकडेच द्या, त्यासाठी पुण्यापर्यंत जावे लागले तरी जा.

प्रश्न : आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये घालतात, म्हणून जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर बिघडतात, असे सगळे म्हणतात. टाकीत घालायची औषधाची बाटली घ्यावी का? (वाचक, पंढरपूर)

‘सगळे म्हणतात’ यात अर्धे खरे आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुन्या गाड्यांची काही रबरे फुगवते आणि मिश्रण किंचित पातळ करते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. परंतु रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल सतत बदलत असल्याने त्याचा त्रास कमी होतो; गळीत हंगामात चार महिने शेडमध्ये उभ्या ठेवलेल्या गाडीचे तसे नसते. महिन्यापेक्षा अधिक काळ गाडी उभी ठेवणार असाल, तर टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका. बाटलीवर पैसे घालवू नका. बुजलेला जेट काढून साफ करावा लागतो आणि फुगलेले रबर बदलावे लागते.

प्रश्न : हवेचा स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाढते की कमी होते? दोन मेकॅनिक दोन उत्तरे देतात. (वाचक, अक्कलकोट)

दोघेही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतील. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा सोडतो. आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो बहुधा पेट्रोलचे मिश्रण सोडतो आणि आत फिरवला की पातळ होते. हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन साधारण दीड फेरी बाहेर, ही सुरुवात असते. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहा. जोर लावून आवळल्यास बैठक कायमची खराब होते. आणि हे काम इंजिन तापल्यावरच करावे.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, साफ करून उपयोग नाही, नवा कार्बोरेटरच घाला. ऑनलाइन स्वस्त मिळतो. (वाचक, विजापूर रोड)

घेऊ नका, निदान आधी जुना उघडून त्यातला दोष आपल्याला दाखवायला सांगा. बनावट कार्बोरेटरवर नाव छापलेले असते, जेटवर आकडाही असतो, पण छिद्र त्या आकड्याचे असेलच असे नाही. जुन्या जेटमध्ये तार मात्र घालू देऊ नका. छिद्र मोठे झाले की मग खरोखरच नवा जेट घ्यावा लागतो.

प्रश्न : रात्री गाडी घरात, जिन्याखाली लावतो. सकाळी कार्बोरेटरखाली पेट्रोलचे डाग आणि घरभर वास असतो. स्लोही अलीकडे जड झाला आहे. दिवाळीनंतर काम करून घेतले तर चालेल का? (वाचक, साखर पेठ)

चालणार नाही. वाटीत पेट्रोल भरले की वाट बंद करणाऱ्या तरंगत्या फ्लोटची सुई बसत नाही किंवा फ्लोट फुटला आहे, आणि पेट्रोल वाटीतून ओसंडते आहे. स्वयंपाकघर जिन्याला लागून असेल, तर आज रात्री गाडी घरात लावूच नका. पेट्रोल कॉक आत्ता बंद करा, आणि कॉक बंद करूनही थेंब पडत राहिला, तर तोही गेला आहे असे समजून टाकी रिकामी करून घ्या. उद्या सकाळी गाडी चालू न करता ढकलत गॅरेजात न्या.