हॉर्न वाजला की मनी खळ्यात

प्रश्न: आमच्या मालवणात मासेवाली स्कूटरवरून येते, तिचा पों पों ऐकला की आमची मनी झोपेतून उठून थेट खळ्यात, आणि हल्ली पाववाल्याच्या हॉर्नलापण तसंच, तिला कळत नाही काय?

उत्तर: अहो कळतं की, जरा जास्तच! रशियात पावलोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर हेच बघितलं, खाण्याआधी ठरावीक आवाज पुन्हापुन्हा ऐकवला की नंतर नुसत्या आवाजानेच लाळ सुटायची (त्याला १९०४चं नोबेल मात्र पचनावरच्या कामासाठी). पाववाल्याचा हॉर्न मिळताजुळता म्हणून ती फसते, पण त्यामागून बांगडा कधीच येत नाही, त्यामुळे हळूहळू फरक समजेल. श्रावणात तुम्ही मासे घेत नसाल तर मासेवालीच्या हॉर्नलापण थंड पडेल, तरी घाबरू नका, नंतर दोन बांगड्यांत परत खळ्यात हजर. आणि खरं सांगा, पों पों ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटत नाही?