ओरिएंटियरिंग : नकाशा वाचता येईल एवढ्याच वेगाने पळ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. कॉलेजच्या क्रॉसकंट्रीत पाच किलोमीटर साडेबावीस मिनिटांत पळतेस, एनसीसीत नकाशावाचन झालेलं आहे, आणि तरी पहिल्याच ओरिएंटियरिंग स्पर्धेत, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेल्या जागा क्रमाने शोधत पळायच्या स्पर्धेत, शेवटून तिसरी आलीस. एकट्या चौथ्या कंट्रोलला, म्हणजे झेंडा लावून ठेवलेल्या शोधायच्या जागेला, २६ मिनिटं गेली. तुझ्यापेक्षा हळू पळणाऱ्या, काही तर चक्क चालणाऱ्या मुली पुढे निघून गेल्या. आता वेग वाढवू की नकाशा शिकू, असं विचारतेस.

वेग तुझ्याकडे आहे. पुढचे सहा महिने तो आहे तिथेच राहू दे. मी सोलापूरच्या आसपासच्या माळावर बारा-तेरा वर्षं हा खेळ खेळतोय, आता पोरापोरींसाठी कोर्सही, म्हणजे क्रमाने शोधायच्या कंट्रोलची मालिका, लावतो. चांगल्या पळणाऱ्यांचं एकाच जागी बिघडताना बघितलंय : पाय नकाशाच्या पुढे निघून जातात. मग जिथे आहोत ती जागा नकाशावर सापडत नाही, घाबरून आणखी जोरात पळणं होतं, आणि पाच मिनिटांची चूक वीस मिनिटांची होते. ज्या मुली चालत गेल्या, त्यांना आपण कुठे आहोत हे सतत माहीत होतं. तेवढ्यावर त्या जिंकल्या.

एनसीसीतलं शिक्षण कामाचं आहे, पण त्यातली एक सवय मोडावी लागेल. तिथे तू १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे भूरूपाचा सरकारी नकाशा, हाताळलीस. तिच्यावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा साधारण २० मीटरला एक. आपल्याकडच्या माळावर तशा दोन रेषांच्या मध्ये अख्खं गाव बसतं. ओरिएंटियरिंगचा नकाशा १:१५,००० किंवा १:१०,००० चा, रेषा ५ मीटरला, सपाट भागात अडीच मीटरलाही. १:१०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे १० मीटर. नुसता अंगठा टेकवलास तरी दीडशे मीटर जमीन झाकली जाते. टोपोशीटला सरावलेला डोळा हे अंतर फार मोठं समजतो आणि माणूस कंट्रोल ओलांडून पुढे जातो. तुझ्या चौथ्या कंट्रोलचं असंच झालं असेल, असा माझा दाट संशय आहे.

रंगांचंही तेच. नवीन माणसाला पांढरा भाग म्हणजे मोकळं मैदान वाटतं. हे नकाशे स्कँडिनेव्हियाच्या जंगलात घडले, म्हणून पांढरा म्हणजे आरामात पळता येईल असं जंगल. मोकळी जमीन पिवळी, आणि हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. आपल्या माळावर निम्मा नकाशा पिवळा दिसेल आणि ओढ्याकाठी गडद हिरव्या पट्ट्या. ती वेडी बाभूळ. सरळ रेषेत जवळ पडतंय म्हणून तिच्यात घुसू नकोस. पन्नास मीटरला चार मिनिटं जातात आणि हातपाय ओरबाडून निघतात.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक टप्पा, म्हणजे एका कंट्रोलपासून पुढच्या कंट्रोलपर्यंतचा, मी तीन वेगांत पळतो. समज, टप्पा ६०० मीटरचा आहे. कंट्रोल आहे एका छोट्या तालीच्या, म्हणजे शेतातल्या बांधाच्या, टोकाला. नकाशात बघितलं तर निघाल्यापासून डाव्या हाताला गाडीवाट जाते, ती साडेचारशे मीटरवर ओढा ओलांडते, आणि त्या ओलांडणीपासून तालीचं टोक आग्नेयेला दीडशे मीटर. पहिले साडेचारशे मीटर डोळे मिटल्यासारखं पळ, कारण गाडीवाट तुला सोडत नाही आणि ओढा आडवा आहे, तो चुकणार नाही. ओढा दिसायला लागला की वेग निम्मा कर. ती ओलांडणी हा तुझा अटॅक पॉइंट, म्हणजे कंट्रोलजवळची अशी न चुकणारी जागा जिथून शेवटचा नेम धरायचा. तिथे नकाशा उत्तरेला जुळव, होकायंत्रावर दिशा घे, आणि शेवटचे दीडशे मीटर पावलं मोजत, समोर काय काय यायला हवं ते मनात म्हणत जा : आधी दगडांचा ढीग उजवीकडे, मग उतार, मग ताल. म्हटलेलं दिसलं नाही तर थांब. बहुतेकांच्या स्पर्धा या शेवटच्या दीडशे मीटरमध्ये हरतात आणि गंमत म्हणजे तिथेच ते सगळ्यात जोरात पळतात, कारण कंट्रोल जवळ आला म्हणून अंगात येतं.

पावलं मोजायची तर आधी स्वतःचं माप काढून ठेव. ग्राउंडवर १०० मीटर आखून घे, डावा पाय पडला की एक, असं मोज. पळताना, चालताना, आणि ढेकळांच्या रानात, तिन्ही वेगवेगळं काढ. माझी पळताना ४१ जोडपावलं होतात आणि नांगरटीत ५० च्या वर जातात. होकायंत्राची दिशा पाच अंशांनी चुकली तर ४०० मीटरवर तू साधारण ३५ मीटर बाजूला पडशील, म्हणून लांबचा टप्पा नुसत्या होकायंत्रावर काढायचा नाही. कंट्रोल एखाद्या बांधावर किंवा ओढ्यावर असेल तर मुद्दाम कंट्रोलच्या डावीकडे किंवा उजवीकडे नेम धर. बांध लागला की डावीकडे वळायचं की उजवीकडे, हा प्रश्नच उरत नाही. नेम थेट कंट्रोलवर धरलास आणि बांधावर झेंडा दिसला नाही, तर मात्र दोन्ही बाजू शोधत बसावं लागतं. सावलीवरून दिशा काढायच्या युक्तीवर विसंबू नकोस. सोलापुरात मेच्या १० तारखेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखालीच राहते.

आपली जमीन सपाट आहे म्हणून सोपी, असं बाहेरचे खेळाडू म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. डोंगरात चूक झाली तर डोंगर सांगतो. इथे सांगायला कोणी नाही. बांधासारखा बांध, लिंबासारखा लिंब. त्यात पाणलोटाच्या कामाचे समतल चर. एका उतारावर वीस-तीस चर एकसारखे, एकाला एक समांतर, आणि नकाशा करणाऱ्याने त्यातले निवडकच दाखवलेले. चर मोजत गेलीस की फसलीस. अशा ठिकाणी मी चर सोडून देतो आणि उताराचा आकार बघतो : आपण सोंडेवर आहोत की खोलगटात? अडीच मीटरची एक रेषा आत वळली असेल तर जमिनीवर पसरट घळ असते, जी उभं राहून जेमतेम जाणवते. पण पावसाळ्यानंतर तिथलं गवत जास्त दिवस हिरवं राहतं. हे डोळ्याला शिकवायला मला दोन वर्षं लागली.

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक सांगतो, कारण तुझी बहुधा तीच आहे. सहावा कंट्रोल बांधाच्या टोकाला, ओढ्याच्या पलीकडे. नकाशात दोन ओढे होते, दोन्ही दक्षिणेला एकाच पाझर तलावात उतरणारे, मध्ये साडेतीनशे मीटर अंतर. मार्च महिना, दोन्ही कोरडे. पहिला ओढा वाळूचा नुसता खळगा होता. मी पळण्याच्या नादात तो ओलांडला आणि माझ्या लेखी तो ओढा नव्हताच. दुसरा आला तेव्हा मी त्यालाच पहिला समजलो. पुढे सगळं पटत गेलं. बांध हवा होता, बांध मिळाला. लिंबाचं झाड हवं होतं, तेही मिळालं. विहीरही निघाली. फक्त विहिरीशेजारी पंपाची पत्र्याची खोली होती आणि नकाशात खोली नव्हती. मी स्वतःला म्हटलं, नवीन बांधली असेल. पत्रा गंजून तांबडा झाला होता, दाराची कडी निखळलेली, आणि मी म्हणतोय नवीन. नकाशा जमिनीशी ताडून बघायचं सोडून मी जमिनीला नकाशात कोंबत होतो. एक मेंढपाळ बाभळीखाली बसून हे बघत होता. शेवटी त्यानेच हाक मारली, "पोरं समदी त्या पलीकडच्या वढ्याला हायती, तू हिकडं काय करायलास?" स्पर्धेत बाहेरच्याची मदत घ्यायची नसते. मी विचारलं नव्हतं, तरी शेवटाला पोचल्यावर आयोजकांना ते सांगून टाकलं. १७ मिनिटं गेली होती.

त्या दिवसापासून माझा नियम असा : नकाशात नसलेली एक पक्की गोष्ट समोर दिसली तर जुळणाऱ्या दहा गोष्टींपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवायचा. थांबायचं. नकाशा उत्तरेला लावायचा. शेवटची खात्रीची जागा कुठली, तिथून किती वेळ आणि कुठल्या दिशेने आलो, हे आठवायचं. अर्ध्या मिनिटात उलगडलं नाही तर सरळ त्या खात्रीच्या जागेला परत जायचं. परत जाणं जिवावर येतं, ठाऊक आहे. पण चकरा मारत राहण्यापेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतं.

नकाशा घडी घालून हातात धर, फक्त चालू टप्पा आणि पुढचा दिसेल एवढा. अंगठा आपण आहोत त्या जागेवर, आणि तो पळता पळता सरकवत राहायचा. वळलीस की नकाशाही फिरव, अक्षरं उलटी झाली तरी चालेल, नकाशातली उत्तर जमिनीच्या उत्तरेलाच राहिली पाहिजे. कंट्रोलला पोचण्याआधीच तिथून कुठल्या बाजूने निघायचं ते ठरलेलं हवं. झेंड्याशी उभं राहून विचार करणारा माणूस इतरांना कंट्रोल दाखवत असतो. आणि पंच करण्याआधी, म्हणजे कंट्रोलला पोचल्याची नोंद करण्याआधी, झेंड्याजवळचा कोड क्रमांक बघ. कोड ३१ पासून पुढे असतात ते याचसाठी, की कोर्सवरच्या १, २, ३ क्रमांकांशी गल्लत होऊ नये. बरोबर कंट्रोलऐवजी चुकीचा पंच करून तशीच पुढे गेलीस की सगळी धाव बाद. पुढे पळणाऱ्याच्या मागे जाऊ नकोस, त्याचा कोर्स वेगळा असू शकतो.

चढाचं गणित थोडक्यात : एक मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे आठ ते दहा मीटर धर. आपल्याकडे त्याचा फारसा प्रश्न येत नाही, सह्याद्रीत गेलीस की येईल.

सरावाला लांब जायला नको. रविवारी पहाटे रहदारी नसताना सोलापुरातल्या बाळीवेस, चाटी गल्ली, मंगळवार पेठ या भागाचा नकाशा छापून घे, १:४,००० च्या आसपास, म्हणजे एक सेंटिमीटरला ४० मीटर. मैत्रिणीला दहा जागा खुणा करून दे म्हणावं. कुठला बोळ आरपार, कुठला बंद, हे पळता पळता वाचायचं. स्प्रिंट, म्हणजे गल्लीबोळांत होणाऱ्या छोट्या आणि वेगवान प्रकाराची ही अस्सल तयारी आहे, कारण तिथे दर दहा-पंधरा सेकंदाला निर्णय येतो. नकाशावर ओलांडायला मनाई दाखवलेली भिंत किंवा कुंपण ओलांडलं तर बाद करतात, त्यामुळे पेठेतही कुणाच्या कंपाउंडवरून उडी नको. माळावर झेंडे लावायचे तर ३० सेंटिमीटरचे नारंगी-पांढरे चौकोन लागतात. आपल्या गावात गणवेश शिवणारे एवढे कारखाने आहेत, कापडाचे तुकडे मागितले की मिळतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत मात्र सराव करायचा नाही, रिकामा माळ दिसला तरी.

धावण्याच्या सरावात एकच बदल कर. ४०० मीटर पूर्ण जोर लावून पळ आणि दम लागलेला असतानाच नकाशाचा तुकडा हातात घेऊन टप्पा ठरव. धाप लागली की डोकं काय काय चुकवतं ते तुला स्वतःला कळेल. स्पर्धेत तेवढी धाप लागू द्यायची नाही, हे माप तिथे मिळतं. आणि जमेल तर स्वतः नकाशा काढ. चार-पाच एकरांचा तुकडा, उपग्रहाचं चित्र खाली ठेवून, प्रत्येक बांध, झाड, खड्डा चालून टिपायचा. ओपनओरिएंटियरिंग मॅपर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक नकाशा काढल्यावर दुसऱ्याचे नकाशे कसे बोलायला लागतात ते बघ.

पायात पूर्ण लांबीची लेगिंग हवी, कुसळं आणि सराटे शॉर्ट्सवाल्याला माफ करत नाहीत. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून थेट आत येतो, बूट जाड तळाचे घे. दगड उचकटू नकोस, फुरसं असतं. उभ्या ज्वारीतून पळायचं नाही. ते कुणाचं तरी वर्षाचं पोट आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की रान मोकळं होतं. आणि कठडा नसलेल्या जुन्या विहिरींपासून जपून, गवत वाढल्यावर त्या दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. कोर्स लावताना मी आधी विहिरी बघतो, कंट्रोल नंतर. शिटी गळ्यात असू दे. अडकलीस तर मिनिटाला सहा वेळा वाजव, मग मिनिटभर थांब, पुन्हा वाजव.

आता एक काम कर. त्या स्पर्धेचा नकाशा फेकला नसशील तर त्यावर लाल पेनाने तू खरोखर जिथून गेलीस ती रेष आठवेल तशी काढ, जिथे थांबलीस तिथे फुली मार, आणि फोटो इथे टाक. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचा भाग स्पष्ट येऊ दे. शेजारी दुसरा समांतर बांध किंवा ओढा आहे का, ते मी आधी बघणार आहे.