इंग्रजीला दुसरी अधिकृत भाषा करावं का? तालुका कोर्टातल्या एका वकिलाचं उत्तर

तुम्ही विचारलंय की जपान, तैवान यांच्यासारख्या देशानं, जिथला कारभार आज स्वतःच्या भाषेत व्यवस्थित चालतो, इंग्रजीला दुसरी अधिकृत भाषा म्हणून मान्यता द्यावी का.

माझं उत्तर आहे, देऊ नये. इंग्रजी शिकवावी, पहिलीपासून शिकवावी, खेड्यातल्या शाळेतही शहराइतकीच चांगली शिकवावी. माझी दोन्ही लेकरं इंग्रजीतून शिकतात आणि मला ते चुकीचं वाटत नाही. पण एखादी भाषा शिकवणं वेगळं आणि तिला सरकारी दप्तराची भाषा करणं वेगळं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात बावीस वर्षं वकिली करतो. 'अधिकृत भाषा' म्हटलं की मला शाळा, संगणक, परदेशातली नोकरी यातलं काहीच आठवत नाही. मला नोटीस आठवते. ज्या भाषेतला कागद हातात पडल्यावर 'मला कळलं नाही' ही तुमची अडचण ठरते, सरकारची नाही, ती अधिकृत भाषा.

आमच्या मराठवाड्यानं हे भोगलेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. बहुतेक रयत तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड बोलणारी; दप्तर आणि कोर्ट मात्र उर्दूत. त्याआधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात ती जाऊन उर्दू आली, म्हणजे आमच्या खेड्यांपुरतं बोलायचं तर एक न कळणारी भाषा गेली आणि दुसरी आली.

माझ्या आजोबांनी १९४०च्या सुमारास एका सावकाराकडं चार एकर रान गहाण ठेवलं, असं ते मरेपर्यंत सांगत. कागदावर मात्र बैनामा होता, म्हणजे खरेदीखत. कागद उर्दूत, तोही शिकस्ता वळणाचा, उर्दू शिकलेल्यालाही चटकन न लागणारा. मुन्शीनं वाचून दाखवला, आजोबांनी अंगठा केला, आणि दोन-तीन वर्षांत रान गेलं. मुन्शी खोटं बोलला की आजोबांच्या समजण्यात चूक झाली, हे कळायला आता मार्ग नाही. एवढं खरं की गावात त्या कागदाची शहानिशा करू शकेल असा दुसरा माणूस नव्हता. मी वकील झालो त्यामागं हे चार एकर आहेत.

यात उर्दूचा काही दोष नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आमच्या खेड्यातले मुसलमान शेतकरी घरात दखनी, म्हणजे इकडची बोली उर्दू, बोलायचे. फारसी शब्दांनी भरलेला तो दप्तरी कागद त्यांनाही आमच्याइतकाच परका होता. भाषेच्या भिंतीनं हिंदू-मुसलमान असा भेद केला नाही. वाचता येणारा आणि न येणारा, एवढाच केला.

आणखी एक गोष्ट इथं लोकांच्या ध्यानात नसते. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू होतं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडलं, शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणले, डॉक्टर आणि इंजिनिअर उर्दूतून शिकवून तयार केले. 'आपल्या भाषांतून वरचं शिक्षण होऊच शकत नाही' म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो. मनावर घेतलं तर होतं. पण परभणी-नांदेडच्या मराठी पोराला तिथं जायचं तर घरची मराठी बाजूला ठेवून आधी उर्दू आणि मग इंग्रजी, असे दोन उंबरे ओलांडावे लागत. ज्यांच्या घरात आधीपासून दप्तराची नोकरी होती त्यांना पहिला उंबरा लागतच नव्हता. राज्य एखादी भाषा अधिकृत करतं तेव्हा ती आधीच येत असलेल्या घरांना ते बसल्या जागी एक इस्टेट देऊन टाकतं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२३चं सांगतो. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली. उर्दू, फारसी, मोडी. माझ्या ऑफिसात रोज माणसं यायची, पिवळे पडलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. मी त्यांना गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं पाठवायचो. ऐंशीच्या पुढचे गुरुजी भिंग लावून वाचत बसायचे आणि समोर आठ-दहा जण श्वास रोखून उभे. आपल्याच पणजोबांचं नाव, आपल्याच रानाची नोंद, आणि ती खरी की खोटी हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. दप्तराची भाषा बदलून पंचाहत्तर वर्षं झाली, तरी तिचं देणं फिटलेलं नव्हतं.

आता इंग्रजीकडं येतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात आमचं काम मराठीत चालतं. साक्षीदार मराठीत बोलतो, मराठीत लिहून घेतलं जातं. अपील झालं की प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातं. आमचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, १९८१पासून. तिथली भाषा इंग्रजी, कारण संविधानाच्या ३४८व्या कलमानं सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरवली आहे. त्याच कलमात राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीनं राज्याच्या भाषेला परवानगी द्यायची सोय आहे. ती राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार इथं हिंदीला मिळाली. मराठीला नाही.

माझा एक पक्षकार, सत्तरीचा शेतकरी, बांधाच्या वादात अपिलासाठी दर तारखेला माझ्यासोबत खंडपीठात यायचा. पहाटेची एसटी, धुतलेलं धोतर, खिशात तंबाखूची पुडी, पण दिवसभर ती काढायची नाही कारण 'कोर्ट आहे'. शेवटच्या दिवशी वीस मिनिटं युक्तिवाद झाला आणि लगेच निकाल सांगितला गेला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी माझा हात धरला. ''साहेब, निकाल लागला म्हणता, पण कुणाच्या बाजूनं?'' ते खोलीतच होते. बांधही त्यांचा, दावाही त्यांचा, आणि आपण जिंकलो हे त्यांना व्हरांड्यात माझ्याकडून कळलं. मला त्या दिवशी जिंकल्याचा आनंद झाला नाही.

सर्वोच्च न्यायालय आता आपले निकाल मराठीसकट अनेक भारतीय भाषांत भाषांतर करून देऊ लागलं आहे, ते फार चांगलं काम आहे. पण भाषांतर निकालानंतर येतं. माणसाला कळायला हवं असतं ते निकालाआधी, त्याच्याबद्दल बोललं जात असतं तेव्हा.

तुम्ही म्हणाल, जपानमध्ये इंग्रजी दुसरी होईल, पहिली जपानी राहीलच की. इथंच माझा खरा मुद्दा आहे. दोन भाषा अधिकृत असल्या की दरवेळी त्यांतली कोणती वापरायची, हे कागद लिहिणारा ठरवतो, घेणारा नाही. आपल्याकडचं ३५०वं कलम बघा. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. फार मोलाचा हक्क आहे, मी तो पक्षकारांना आवर्जून सांगतो. पण उत्तर कोणत्या भाषेत यावं याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाचे करार माझ्याकडं येतात, तीस-चाळीस पानं, इंग्रजीत, प्रत्येक पानावर शेतकऱ्याची मराठी सही. हप्ता थकल्यावर कळतं की वाद झाला तर लवाद मुंबईत बसणार असं सतराव्या पानावर लिहिलेलं होतं. आज अशा करारावर मी निदान एवढं तरी म्हणू शकतो की पक्षकाराला त्याच्या भाषेत काहीच समजावून सांगितलं गेलं नाही. ज्या देशात इंग्रजी सरकारनंच जनतेची दुसरी भाषा म्हणून जाहीर केली असेल तिथल्या वकिलाचा हा मुद्दा सुरू व्हायच्या आधीच संपेल.

भारताचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात, तुमच्याकडं इंग्रजी आहे आणि देश चाललाय ना? चाललाय, आणि केंद्रापुरती इंग्रजी राहावी याच मताचा मी आहे. पण कारण समजून घ्या. संविधानानं इंग्रजीला १५ वर्षं दिली होती, २६ जानेवारी १९६५पर्यंत. ती मुदत जवळ आली तेव्हा मद्रास राज्यात हिंदीविरोधात मोठं आंदोलन पेटलं, माणसं मेली. १९६३चा राजभाषा कायदा १९६७ साली दुरुस्त करून इंग्रजी पुढं चालू राहील अशी हमी दिली गेली, आणि ती काढायची तर हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांच्या विधानसभांनी तसे ठराव करायला हवेत अशी अट घातली. म्हणजे इंग्रजी इथं तह म्हणून राहिली. तमिळ माणसावर हिंदीचं आणि मराठी माणसावरही हिंदीचं ओझं पडू नये म्हणून कुणाचीच नसलेली भाषा मधे ठेवली. नागालँडनं इंग्रजी राजभाषा केली त्यामागंही हेच, तिथं जमातीगणिक भाषा वेगळी. असा पेच ज्या देशात आहे त्याला मी 'करू नका' म्हणणार नाही. जपानमध्ये तो पेच नाही.

जपाननं हा विचार केलेला आहे. २००० साली पंतप्रधान ओबुची यांच्या आयोगानं इंग्रजीला पुढंमागं दुसरी अधिकृत भाषा करण्यावर देशात चर्चा व्हावी असं सुचवलं. ते तिथंच राहिलं. तैवाननं २०१८ साली २०३०पर्यंत द्विभाषिक होण्याचं धोरण आखलं. मादागास्करनं २००७ साली इंग्रजीला संविधानात तिसरी अधिकृत भाषा केलं आणि २०१०च्या नव्या संविधानातून काढून टाकलं. रवांडात जवळपास सगळा देश किन्यारवांडा बोलतो. तिथं २००८ साली सरकारनं शाळांचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर न्यायचं ठरवलं आणि आयुष्यभर फ्रेंचमधून शिकवलेल्या शिक्षकांना स्वतःलाच धड न येणाऱ्या भाषेत वर्गासमोर उभं राहावं लागलं. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळांत सेमी-इंग्रजी आली तेव्हा मी हे जवळून पाहिलंय. गणिताचे उत्तम शिक्षक, मराठीत पोरांना हसत-खेळत अपूर्णांक शिकवणारे, इंग्रजी पुस्तक हातात आल्यावर फळ्यावर नुसतं उतरवून द्यायला लागले.

आयर्लंडचं उदाहरण तर तुमच्या प्रश्नातल्या शब्दांचंच आहे. त्यांच्या १९३७च्या संविधानात आयरिश ही पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजी दुसरी, असं लिहिलंय. रोजच्या व्यवहारात आयरिश बोलणारे आज थोडेच. आयरिशची ही अवस्था संविधानानं केली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीपासून झाली होती. पण कागदावरचा पहिला नंबर भाषेला वाचवत नाही, एवढं त्यातून दिसतं.

याउलट स्वीडन बघा. तिथं इंग्रजी अधिकृत नाही, तरी तिथल्या लोकांइतकं चांगलं इंग्रजी फार थोड्या देशांत ऐकायला मिळतं. आणि त्याच स्वीडननं २००९ साली कायदा करून स्वीडिश ही देशाची मुख्य भाषा असल्याचं लिहून टाकलं, वर सरकारी भाषा नीटनेटकी, सोपी आणि कळण्याजोगी असावी असंही त्याच कायद्यात घातलं. इंग्रजी येण्यासाठी ती अधिकृत करावी लागत नाही. चांगले शिक्षक लागतात, पुस्तकं लागतात, कानावर रोज ती भाषा पडावी लागते. महाराष्ट्रानं २०००पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तरी आमच्या खेड्यातलं पोरगं अकरावी सायन्सला लातूरला गेलं की पहिले सहा महिने वर्गात गप्प बसतं. अधिकृत दर्जा देऊन त्याचे ते सहा महिने कमी होणार नाहीत. पाचवीला चांगला इंग्रजी शिक्षक दिला तर होतील.

एवढं सगळं सांगूनही तुमच्या देशाला हे करायचंच असेल, तर कायद्यात एक कलम आधी लिहून घ्या. नोटीस, करार, निकाल, दवाखान्याचा कागद, यातलं काहीही कोणत्या भाषेत हवं हे नागरिक ठरवेल, आणि त्याच्या भाषेत दिलेला नसेल तो कागद त्याच्यावर बंधनकारक राहणार नाही. असं कलम असलेला मसुदा कुणी माझ्यासमोर ठेवला तर मी माझं उत्तर बदलायला तयार आहे. माझ्या पक्षकारांना मी आता इंग्रजी निकालासोबत एक पान मराठीत लिहून देतो. कोण जिंकलं, ते त्यावर पहिल्याच ओळीत असतं.