तीन वर्षांची असताना डोक्याला लागलं, त्रास पाचवीत आला. संबंध असू शकतो का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला तेव्हापासून डोक्यात घोळतोय, म्हणून आज पोळ्या उरकून निवांत बसलेय लिहायला. लांबणार आहे, पण पूर्ण वाचा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची मुलगी तीन वर्षांची असताना जिन्यावरून पडली, कपाळाच्या मागे मेंदूत रक्तस्राव झाला, चार दिवस आयसीयूत होती. महिन्याभरात चालायला बोलायला लागली, डॉक्टर म्हणाले लहान मुलांचा मेंदू लवचिक असतो, सगळं भरून येतं, आता विसरून जा. चौथीपर्यंत खरंच काही जाणवलं नाही. आता पाचवीत वह्या अपुऱ्या, सांगितलेलं विसरते, बारीकशा कारणावरून आदळआपट. बाई म्हणतात आळशी आहे, सासूबाई म्हणतात मोबाईल बंद करा. आणि ताई विचारतायत की सात वर्षांपूर्वीच्या त्या पडण्याचा याच्याशी संबंध असू शकतो की मीच उगाच कारणं शोधतेय.

असू शकतो. आहेच असं मी इथे बसून सांगणार नाही, ते तपासणीतूनच कळेल, पण "एवढ्या वर्षांनी शक्यच नाही" असं जे तुम्हाला सांगितलं ते चूक आहे. आणि तुम्ही उगाच काही शोधत नाही आहात.

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा चार वर्षांचा असताना स्कूटरवर पुढे उभा होता, खड्डा चुकवताना गाडी घसरली आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. नऊ दिवस दवाखान्यात. घरी आल्यावर त्याने दोन बडबडगीतं न चुकता म्हणून दाखवली आणि आम्ही बिल्डिंगभर पेढे वाटले. आज तो एकोणीसचा आहे. मधल्या पंधरा वर्षांत यावरचं जे जे कळण्यासारखं मिळालं ते वाचलंय, कळलं नाही ते डॉक्टरांना विचारलंय.

"लहान मेंदू भरून काढतो" हे डॉक्टर काही मनाचं सांगत नाहीत, त्यामागे जुनं संशोधन आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठात मार्गारेट केनर्ड नावाच्या बाईंनी माकडांवर प्रयोग केले, मेंदूतल्या हालचालीच्या भागाला पिल्लू असताना इजा केली तर ते मोठ्या माकडापेक्षा बरंच सावरतं असं त्यांना दिसलं. त्यावरून पुढे लोकांनी "वय जितकं कमी तितकं चांगलं" असा नियमच करून टाकला आणि त्याला त्यांचं नावही दिलं. पण याच बाईंनी हेही लिहिलं होतं की काही पिल्लांमध्ये दोष नंतर, वाढताना दिसायला लागले. ते वाक्य मागे पडलं. पुढे 1940 च्या दशकात डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कपाळामागच्या भागाला लहानपणी इजा झालेल्यांचं नुकसान कधीकधी मोठेपणी इजा झालेल्यांपेक्षा जास्त असतं, कारण मोठ्या माणसाने जे शिकायचं ते आधीच शिकून घेतलेलं असतं, मुलाला अजून शिकायचं असतं आणि शिकायचं साधनच दुखावलेलं असतं. मेलबर्नच्या संशोधक व्हिकी अँडरसन यांनी तर हयातभर हेच काम केलंय, आणि त्यांच्या कामातून साधारण हेच निघतं की जबर इजा आणि अगदी कोवळं वय हे दोन्ही एकत्र आलं तर उलट जास्त जपावं लागतं.

आता तुमच्या मुख्य शंकेवर येते, की मग मधली वर्षं ठीक कशी गेली? कोकणातल्या कुणालाही विचारा, मोहोराच्या दिवसांत मळभ आलं तर त्या दिवशी आंब्याचं झाड हिरवंगारच दिसतं, काय गेलं ते दोन-तीन महिन्यांनी फळ धरायच्या वेळी कळतं. तसंच आहे हे. कपाळामागचा भाग, म्हणजे लक्ष धरून ठेवणं, एकामागून एक कामं लावणं, राग आवरणं हे ज्याच्याकडे आहे तो भाग, सगळ्यात उशिरा तयार होतो, विशीपर्यंत त्याची जडणघडण चालूच असते. तीन वर्षांच्या पोरीकडून या कामांची कुणी अपेक्षाच करत नाही, तिचं दप्तर आई भरते, तिचा दिवस आई आखते, म्हणजे तो भाग आईच्या रूपाने बाहेर असतो. पाचवीत एकदम विषय वाढतात, प्रत्येक विषयाला वेगळ्या बाई, फळ्यावरून स्वतः उतरवून घ्यायचं, गृहपाठ स्वतः लक्षात ठेवायचा, आणि तिथे उघडं पडतं. इंग्रजीत याला मूल उणिवेत "वाढत जाणं" अशा अर्थाचा शब्द आहे. इजा नवी नसते, वाढत नसते, फक्त दुखावलेल्या त्या भागाचं काम आता सुरू झालेलं असतं.

माझ्याकडे हे चौथीत झालं. एकदा मी दारात उभी राहून नुसती बघत बसले. त्याला सांगितलं होतं, गणिताची वही काढ, तारीख घाल आणि फळ्यावरची पाच उदाहरणं सोडव. त्याने वही काढली. मग कंपासपेटी उघडली, पेन्सिलीला टोक केलं, ते टोचतं का हातावर बघितलं, शार्पनरमधला भुसा वहीवर ओतून बोटाने त्याचा डोंगर केला. वीस मिनिटांनी मी विचारलं, काय सांगितलं होतं रे? तर तो माझ्याकडे बघत राहिला आणि डोळ्यांत पाणी आलं, त्याला खरंच आठवत नव्हतं. टाळाटाळ करणारं पोर असं रडत नाही हो. त्या दिवसापर्यंत मीही त्याला आळशीच म्हणत होते आणि दोनदा हातही उचलला होता, ते मला अजून लागून राहिलंय.

मग टेस्ट झाली. बुद्ध्यांक आला 104, म्हणजे अगदी नॉर्मल, आणि शाळेने तेवढ्यावरच "बघा, काही प्रॉब्लेम नाही" म्हणून फाईल मिटली. नशीब की ज्या सायकॉलॉजिस्टकडे गेलो होतो त्यांनी पुढचं केलं. त्यांनी पंधरा शब्द वाचून दाखवले, त्याला आठवतील तेवढे म्हणायला लावले, परत तेच पंधरा, असं पाच वेळा. साधारण मूल प्रत्येक फेरीला चढत जातं. याचे पहिल्या फेरीत पाच आणि पाचव्या फेरीत सहा. मी बाजूला बसून बोटांवर मोजत होते. त्या एका कागदाने मला जे कळलं ते सहा वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, नुसती आयक्यू टेस्ट करून परत येऊ नका. पूर्ण न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट पाहिजे असं स्पष्ट म्हणा, त्यात लक्ष, तात्पुरती स्मृती, कामाचा वेग, नियोजन हे सगळं वेगवेगळं तपासतात. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बालमानसोपचार विभागात किंवा एखाद्या चांगल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे होतं, बंगळुरूचं निमहान्स, म्हणजे मन आणि मेंदूच्या आजारांचं मोठं सरकारी हॉस्पिटल, तर यासाठी नावाजलेलंच आहे.

संशोधनात काय दिसलंय त्यातल्या तुमच्या केसला लागू पडतील अशा दोन-तीन गोष्टी सांगते. अमेरिकेत सिनसिनाटीच्या लोकांनी 3 ते 7 वयात डोक्याला मार लागून किंवा हाड मोडून दवाखान्यात राहिलेल्या एकूण 187 मुलांचा सरासरी जवळजवळ सात वर्षं पाठपुरावा केला, 2018 साली ते छापून आलं. यात मला आवडलं ते असं की त्यांनी तुलना धडधाकट मुलांशी केली नाही, हात-पाय मोडून दवाखान्यात आलेल्या मुलांशी केली. का? तर मुळातच चंचल असलेली मुलं जास्त पडतात, मग नंतर त्यांच्यात चंचलपणा दिसला तर तो पडण्याआधीचा की नंतरचा कसं ठरवणार? हाड मोडलेली मुलंही तशीच धडपडी असतात ना, फक्त त्यांच्या मेंदूला लागलेलं नसतं. तर अशा तुलनेतही जबर मार लागलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या त्रासाचा, धोका साडेतीन पटीहून जास्त निघाला आणि काहींमध्ये तो कित्येक वर्षांनी दिसायला लागला. तुमचा सात वर्षांचा हिशोब इथे बसतो बघा.

दुसरं स्वीडनचं काम, 2016 चं. तिथे 1973 ते 1985 मध्ये जन्मलेल्या अकरा लाख लोकांच्या सरकारी नोंदी तपासल्या. त्यातल्या साधारण 9 टक्के लोकांच्या डोक्याला पंचविशीच्या आत कधीतरी मार लागलेला होता, आणि शिक्षण, मानसिक आजार, अपंगत्वाची पेन्शन या सगळ्यात ते मागे होते. मग त्यांनी सख्ख्या भावंडांशी तुलना केली, एकाला लागलं, दुसऱ्याला नाही, घर तेच, आईबाप तेच. फरक थोडा कमी झाला पण उरला. प्रामाणिकपणे हेही सांगते की त्या अभ्यासात वय जास्त असताना पहिला मार लागलेल्यांचा धोका उलट जास्त होता, म्हणजे वयाचं गणित सरळ नाही, कुठल्या भागाला किती लागलं यावर खूप आहे. कुणी तुम्हाला "लहान होती म्हणजे बरं" किंवा "लहान होती म्हणजे वाईट" असं एका वाक्यात सांगितलं तर दोन्ही मनावर घेऊ नका.

आयोवाच्या दोन माणसांची केस इंटरनेटवर तुम्हाला दिसेलच, 1999 ची, म्हणून आधीच सांगून ठेवते. एकीला पंधराव्या महिन्यात गाडीखाली सापडल्याने आणि दुसऱ्याला तिसऱ्या महिन्यात गाठ काढताना कपाळामागच्या भागाला इजा झाली होती, मोठेपणी दोघांचं वागणं फार बिघडलं, बरं-वाईट कळण्याची समजच नीट घडली नव्हती. मी ते वाचून आठवडाभर जेवले नव्हते. पण ती दोन टोकाची उदाहरणं आहेत, इजा दोघांचीही खूप मोठी होती, आणि ती वाचून आपल्या लेकरात गुन्हेगार शोधत बसू नका.

त्याच्या उलट लंडनचा एक मुलगा बघा, जन्मापासून मेंदूच्या डाव्या अर्ध्यात आजार, आठ वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, साडेआठच्या सुमारास तो अर्धा भाग काढून टाकला आणि नवव्या वर्षी तो बोलायला लागला, वाक्यं जुळवायला लागला. म्हणजे लवचिकपणा खोटा नाही. भाषेच्या बाबतीत तर उजवी बाजू डावीचं काम खूपदा उचलते. पण जागा तेवढीच असते, एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं राहिली तर दोघांनाही अडचण होतेच, म्हणून भाषा सावरते आणि चित्र-नकाशा-जागेचा अंदाज यात मूल मागे पडतं असंही दिसतं. लक्ष आणि नियोजनाचं तर एवढंही सहज दुसरीकडे जात नाही.

आणि घराचं काय ते ऐका, कारण तुम्ही लिहिलंय की मी नोकरी करते म्हणून असं झालं का. नाही. घरामुळे इजा होत नाही. पण इजेनंतर मूल किती सावरतं यात घराचा वाटा खरंच मोठा आहे, हे त्या अमेरिकेतल्या अभ्यासांमध्ये परत परत आलंय. घरात ताण, भांडणं, ओरडणं जास्त असेल तर तीच इजा जास्त त्रास देते, घर ठरलेल्या पद्धतीने चालणारं असेल तर कमी. माझ्याकडे काय उपयोगी पडलं सांगू? एका वेळी एकच सूचना. "आवर आता" असं नाही, "डबा बॅगेत ठेव" एवढंच, ते झालं की पुढचं. दाराच्या आत चार चित्रं चिकटवली होती, वही, डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, तो एकेकाला बोट लावून बाहेर पडायचा, आठवीपर्यंत लावायचा. शिकवणी बंद केली, संध्याकाळी दमलेल्या डोक्यावर अजून ओझं कशाला. आणि झोप, झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी राग ठरलेला.

शाळेत जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. बहुतेक बाईंना हा विषय माहीतच नसतो, पोरगी धावते, गाते, छान बोलते, मग मेंदूला मार कुठला असं त्यांना वाटतं, त्यांचा दोष नाही. पुढे बोर्डाच्या परीक्षेला जास्तीचा वेळ वगैरे सवलती लागल्या तर दाखला लागतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत पण "मेंदूला मार" असा वेगळा प्रकार त्यात नाही, त्यामुळे दाखला परिणामाच्या नावाने मिळतो, म्हणजे अध्ययन अक्षमता असेल तर त्या नावाने. मुंबईत सायन हॉस्पिटलचं एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिक आहे तिथे हे काम होतं, पण रांग मोठी असते, नववीपर्यंत थांबू नका. आणि आपण एकटे आहोत असंही समजू नका, 2018 मध्ये देशातल्या पाच ठिकाणी 2 ते 9 वयाच्या मुलांची पाहणी छापून आली, त्यातलं एक ठिकाण उत्तर गोवा होतं, आणि त्यात साधारण आठातल्या एका मुलाला विकासाशी संबंधित काही ना काही अडचण निघाली. बाळाला जन्मताना श्वास कमी पडणं, मेंदूचा ताप अशी त्यामागची कारणंही त्यात दिसली.

ज्यांच्या मुलांना कधीतरी नुसतं टेंगूळ आलं होतं त्यांनी हे वाचून घाबरू नका प्लीज. साध्या माराची बहुतेक मुलं चारेक आठवड्यांत पूर्ण बरी होतात, एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू नेहमीचं सगळं सुरू, महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवायची गरज नसते. फक्त बरं होईपर्यंत परत डोकं आपटणार नाही एवढं बघा. मी जे लिहिलंय ते रक्तस्राव, बेशुद्धी, आयसीयू अशा केसेसचं आहे.

ताई, आता एक काम करा. तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणि सीटीचा रिपोर्ट शोधा, फिल्म काळी-पांढरी चिकटून गेली असेल तरी टाकू नका, उजेडावर धरून मोबाईलने फोटो काढून ठेवा. कार्डावर जीसीएस (मूल किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी) असं लिहून पुढे एक आकडा असेल, 13 ते 15 असेल तर सौम्य, 9 ते 12 मध्यम, 8 किंवा त्याखाली असेल तर जबर मार. तो आकडा आणि ती किती वेळ शुद्धीवर नव्हती एवढं इथे लिहा, बाकी नाव-गाव काही टाकू नका. त्यावरून सायकॉलॉजिस्टला काय काय विचारायचं त्याची यादी मी तुम्हाला करून देते.